‘आधी’ शिल्लक आहे तोवर: केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री,
इंदिरा पर्यावरण भवन, नवी दिल्ली



मी सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात, डोंगरातल्या एका वाडीत राहते. एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवलं. सासऱ्यांनी लावलेल्या मधाच्या पेट्या त्यांच्या मागे मी सांभाळते. पेट्यांत सातेरी माश्या आहेत, आपल्या डोंगरातल्या, काळसर, चपळ. जांभूळ आणि हिरडा फुलला की मध, पावसाळ्यात साखरेचा पाक, आणि कारवी फुललेल्या वर्षी घरात सण, असं आमचं वर्ष चालतं.

गेल्या वर्षी माघात वरच्या सड्यावर मोबाइलचा टॉवर उभा राहिला. वैशाख सरेपर्यंत माझ्या अकरा पेट्यांपैकी चार रिकाम्या झाल्या. वाडीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच: "बाई, टॉवरनं माश्या घालवल्या."

मी पेट्या उघडून पाहिल्या. दोन पेट्यांत पोळ्यांवर मेणकिड्याची जाळी पसरली होती, आत अळ्या वळवळत होत्या. भरल्या वसाहतीपुढे मेणकिड्याचं काही चालत नाही; माश्या कमी पडल्या, पोळं उघडं राहिलं, की तो शिरतो. त्या वर्षी ऐन जांभळाच्या मोहरात अवकाळी पाऊस झाला होता. मोहर झडला, माश्या उपाशी राहिल्या, वसाहती रोडावल्या. या दोन पेट्यांचा हिशेब लागला. उरलेल्या दोन पेट्यांत मात्र पोळी स्वच्छ होती, कोपऱ्यात मध होता, आणि माश्या नव्हत्या. सातेरीला जरा काही खुपलं की ती पेटी सोडते हे मधपाळाला ठाऊक असतं. मुंग्या लागल्या, दुपारचं ऊन थेट पडू लागलं, जवळ वणवा झाला, अन्न संपलं, अशी तिची कारणं असतात. मी प्रत्येक कारण ताडून पाहिलं, एकही जुळलं नाही. म्हणून ते टॉवरच्या माथी मारता येतं का? नाही. टॉवर येण्याआधी माझ्या पेट्यांवर किती लहरी पडत होत्या आणि आल्यावर किती पडू लागल्या, हे कुणी मोजलंच नव्हतं. मोजलेलं ‘आधी’ हातात नसेल तर ‘नंतर’चा अर्थ लावता येत नाही. महोदय, एवढ्याच एका गोष्टीसाठी हे पत्र आहे.

टॉवर काढा असं मी म्हणत नाही, हे सुरुवातीलाच सांगते. २०२१च्या जुलैत आमच्या शेजारच्या पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव इथे दरडी कोसळून घरंच्या घरं गाडली गेली. अशा रात्री डोंगरातल्या माणसाला रेंज मिळणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. बाळंतपणाची गाडी बोलावायची तर आमच्याकडे पूर्वी दीड मैल चढून कड्यावर जावं लागे. टॉवर हवाच. पण त्याच्या भोवती जे जगतं, त्याचीही नोंद हवी.

ही नोंद मागणारी मी पहिली नाही. आपल्याच मंत्रालयानं ३० ऑगस्ट २०१० रोजी एक तज्ज्ञ समिती नेमली होती. अध्यक्ष होते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे तेव्हाचे संचालक डॉ. असद रहमानी. दूरसंचार टॉवरांचा पक्षी आणि मधमाश्यांसह वन्यजीवांवर काय परिणाम होतो, हे समितीनं पाहायचं होतं. समितीनं ९१९ शोधनिबंध गोळा केले. त्यांपैकी ५९३ निबंधांत परिणाम दिसला होता, १८० मध्ये दिसला नव्हता, १४६ मध्ये निष्कर्ष निघाला नव्हता. हे आकडे नंतर खूप फिरले. "तीनातल्या दोन संशोधनांत घात सिद्ध झाला" अशा मथळ्यांनी फिरले. पण मूळ अहवाल वाचला की कळतं, त्यांतले बहुसंख्य निबंध माणसांवरचे होते. पक्षी आणि मधमाश्या यांचा वाटा फार लहान होता. शिवाय निबंध मोजणं म्हणजे पुरावा तोलणं नव्हे. एका पेटीवर आठवडाभर केलेलं निरीक्षण आणि सात वर्षं चाललेला प्रयोग, दोन्ही त्या मोजणीत एक-एकच भरतात. समितीनं विद्युतचुंबकीय लहरींना प्रदूषक मानावं असं सुचवलं आणि आपल्याकडे पुढचा अभ्यास व्हावा असं मागितलं. ऑगस्ट २०१२ मध्ये मंत्रालयानं दूरसंचार विभागाला सल्ला पाठवला की असलेल्या टॉवरपासून एक किलोमीटरच्या आत नवा टॉवर नको.

या एक किलोमीटरबद्दल माझं मत वेगळं आहे, आणि ते स्पष्ट सांगते. टॉवर विरळ केले तर प्रत्येकाला जास्त जोरानं बोलावं लागतं. आपल्या खिशातला फोनही टॉवर दूर असला की जास्त शक्ती लावतो. सल्ला सद्भावनेनं दिला गेला असेल, पण किती अंतरावर कोणत्या जिवाला काय होतं हे मोजण्याआधी अंतर ठरवून टाकणं म्हणजे नाडी न पाहता औषध देणं. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून दूरसंचार विभागानं टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट आहे. पाऊल चांगलंच होतं. पण ती मर्यादा माणसाच्या शरीराच्या हिशेबानं काढलेली आहे. माशीचं वजन तिच्यात धरलेलं नाही, बेडकाची ओली कातडी धरलेली नाही.

आता मधमाश्यांबद्दल. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोग झाला आणि २०१० साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. चार वसाहती घेतल्या. दोन वसाहतींत चालू मोबाइल ठेवले, एकीत नकली फोन, एक मोकळी. चालू फोन असलेल्या वसाहतींत माश्या घटल्या, राणीचं अंडी घालणं कमी झालं. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या डॅनिएल फाव्र यांचा प्रयोग छापून आला: पेटीत बोलते फोन ठेवले, तेव्हा कामकरी माश्या एरवी पेटी सोडताना किंवा वसाहत बिथरल्यावर काढतात तसा आवाज काढू लागल्या. दोन्ही प्रयोग मी वर्गात शिकवले आहेत. मुलांना विचारायची, यात काय कमी आहे? नववीतली मुलं अचूक सांगायची: "बाई, दोनच पेट्या? आणि फोन पेटीत कोण ठेवतं?" चार वसाहतींवरून राज्याचं धोरण ठरत नाही. लहरींचा जोर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. पोळ्याला चिकटलेला फोन आणि सड्यावरचा टॉवर या माशीच्या दृष्टीनं दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. तरीही, माशीला लहरींचं काहीच कळत नाही, असं या प्रयोगांनंतर बिनधास्त म्हणता येत नाही.

माझ्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारं काम ग्रीसमध्ये झालं. लेस्बोस आणि लिम्नोस या दोन बेटांवर संशोधकांनी खरे, चालू टॉवर निवडले. त्यांच्यापासून ५०, १००, २०० आणि ४०० मीटरवर लहरी मोजल्या आणि तिथल्या फुलांवर येणारे कीटक मोजले. २०१६ मध्ये आलेला निकाल कुणाच्याच सोयीचा नव्हता. लहरी जास्त तिथे भुंगेरे, गांधीलमाश्या आणि फुलांवर थबकून उडणाऱ्या हॉवरफ्लाय माश्या कमी. जमिनीत बिळं करणाऱ्या रानमाश्या मात्र जास्त. फुलपाखरांना फरकच नाही. लहरी सरसकट मारत असत्या तर चित्र असं दिसलं नसतं. काहीच करत नसत्या तरीही असं दिसलं नसतं. कदाचित एका कीटकानं सोडलेली जागा दुसऱ्यानं घेतली असेल. कदाचित टॉवर जिथे उभारतात ती जमीनच वेगळी असेल. हे कोडं सोडवायचं तर टॉवर उभा राहण्याआधी तिथे कोण कोण होतं हे माहीत पाहिजे. त्या बेटांवर टॉवर आधीच उभे होते.

पक्ष्यांबाबत विज्ञान याहून पुढे गेलं आहे, आणि ती गोष्ट मला फार मोलाची वाटते. जर्मनीत ओल्डेनबुर्ग विद्यापीठात हेन्रिक मौरित्सेन यांच्या चमूनं युरोपातले रॉबिन पक्षी लाकडी खोल्यांत ठेवले होते. स्थलांतराच्या दिवसांत पिंजऱ्यातला पक्षीसुद्धा ज्या दिशेला जायचं त्या दिशेला झेपा घेतो. हे रॉबिन मात्र कुठल्याही दिशेला उडी मारत होते. मग खोल्यांना आतून ॲल्युमिनियमचे पत्रे लावले, ते जमिनीला जोडले, आणि पक्ष्यांना उत्तर सापडली. शहरातला विद्युत गोंगाट त्यांचं होकायंत्र बिघडवत होता. सात वर्षं, कोणत्या खोलीत गोंगाट अडवला आहे हे निरीक्षकाला न सांगता, त्यांनी हे पुन्हा पुन्हा तपासलं आणि २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलं. तेव्हा जगभर बातमी झाली की मोबाइलनं पक्षी वाट चुकतात. पण त्या संशोधनातला गोंगाट ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झचा होता, म्हणजे मध्यम लहरींच्या रेडिओचा आणि विजेच्या उपकरणांचा. मोबाइलचे पट्टे सुमारे ७०० मेगाहर्ट्झपासून वर आहेत. त्याच चमूनं पुढे ब्लॅककॅप नावाच्या चिमुकल्या पक्ष्यावर वरचे पट्टे तपासले. ७५ ते ८५ मेगाहर्ट्झला होकायंत्र बिघडलं, १४०च्या आणि २३५च्या पुढच्या पट्ट्यांना बिघडलं नाही. पक्ष्याच्या डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम या प्रथिनावरून मांडलेला सिद्धांतही हेच सांगत होता. म्हणजे स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याच्या होकायंत्रापुरतं मोबाइल टॉवरला आज तरी निर्दोष मानावं लागतं. ज्या शास्त्रज्ञांनी गुन्हा शोधला त्यांनीच संशयिताला सोडलं, कारण त्यांनी मोजलं होतं.

चिमणीचं तसं झालं नाही. आमच्या शाळेत दर २० मार्चला चिमणी दिन व्हायचा आणि दर वर्षी कुणीतरी पाहुणा फळ्यासमोर उभा राहून सांगायचा की टॉवरनं चिमण्या मारल्या. बेल्जियममध्ये २००७ साली एका पाहणीत लहरींचा जोर जास्त तिथे चिमणीचे नर कमी दिसले होते, हे खरं. पण आपल्या देशातल्या हजारो पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून तयार झालेला २०२०चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल सांगतो की देशभरात चिमणी गेली पंचवीस वर्षं साधारण टिकून आहे, घट आहे ती मोठ्या महानगरांत. टॉवर तर आता खेड्यापाड्यांत आहेत. चिमणीला घरट्यासाठी कौलांची, तुळयांची फट लागते, पिलांना किडे लागतात, अंगणात सांडलेलं धान्य लागतं. काचेच्या आणि काँक्रीटच्या शहरात यातलं काही उरलेलं नाही. टॉवरला दोष दिला की हे सगळं बघायची जबाबदारी टळते. २०१८ मध्ये मोबाइलच्या लहरींनी पक्षी मरतात असं दाखवणारा रजनीकांतचा ‘२.०’ आला तेव्हा माझे माजी विद्यार्थी मला विचारायला आले. मी त्यांना सांगितलं, चित्रपटातलं पक्ष्यांचं प्रेम घ्या, कारण मात्र वहीत लिहू नका.

टॉवरचा एक धोका तर सिद्धच आहे, आणि त्याचा लहरींशी संबंध नाही. अमेरिकेत आणि कॅनडात उंच प्रसारण टॉवरांवर आदळून दर वर्षी लाखो पक्षी मरतात. ढगाळ रात्री टॉवरच्या माथ्यावरच्या सतत जळणाऱ्या लाल दिव्याभोवती स्थलांतर करणारे पक्षी घिरट्या घालत राहतात आणि तारांवर आपटतात. मिशिगनमध्ये संशोधकांनी सतत जळणारे दिवे काढून फक्त लुकलुकणारे ठेवले तेव्हा मृत्यू निम्म्याहून खाली आले. एवढा साधा उपाय. आपल्या डोंगरकड्यांवर, पक्ष्यांच्या वाटांवर उभ्या राहणाऱ्या टॉवरांचे दिवे कसे असावेत, हे आपलं मंत्रालय हवाई सुरक्षेच्या खात्याबरोबर बसून ठरवू शकतं.

मग माझी काळजी कशाची? येणाऱ्या लहरींची. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३३ सेंटिमीटर असते. सातेरी माशी साधारण एक सेंटिमीटरची. एवढी लांब लहर एवढ्या लहान देहात फारशी ऊर्जा सोडत नाही, ओलांडून जाते. पण २०२२च्या लिलावात २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही विकला गेला, आणि त्या लहरीची लांबी भरते सुमारे साडेअकरा मिलिमीटर. म्हणजे माशीएवढी. बेल्जियममधले संशोधक आर्नो टिलेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कीटकांचे त्रिमितीय नमुने तयार करून २०१८ मध्ये गणित मांडलं की लहर आखूड होत कीटकाच्या आकाराजवळ आली की त्याच्या शरीरात शोषली जाणारी ऊर्जा वाढते. हे संगणकावरचं गणित आहे. ती ऊर्जा माशीला जाणवेल का, तिचं वाट शोधणं किंवा पोळ्यावरचं नाचून सांगणं बिघडेल का, हे त्या गणितातून निघत नाही. ते रानातच पाहावं लागतं, आणि हा पट्टा सगळीकडे पसरण्याआधी पाहावं लागतं.

आपल्या देशानं उशिरा मोजल्याची किंमत एकदा भोगली आहे. १९९०च्या दशकात गिधाडं पटापट मरू लागली. कुणी विषाणू म्हणालं, कुणी कीटकनाशक. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांनी वर्षानुवर्षं घरटी मोजून ठेवली होती, म्हणून निदान पडझड किती हे तरी कळलं. कारण सापडलं २००४ मध्ये, पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या चमूला: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक. भारतानं २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आणली. तोवर १९९२मधल्या हजार पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांमागे एखादंच उरलं होतं. विषाणूची चर्चा चालू होती त्या वर्षांत औषध गोठ्यागोठ्यात टोचलं जात होतं. जुन्या नोंदी नसत्या तर कदाचित आपण अजूनही चर्चाच करत बसलो असतो.

म्हणून माझी मागणी. केंद्रीय मंत्रिमंडळानं जुलै २०२२ मध्ये रेंज नसलेल्या २४,६८० गावांना ४जी पोचवायची योजना मंजूर केली, २६,३१६ कोटींची. ही गावं बहुतेक डोंगरातली, जंगलातली, बेटांवरची. शास्त्रज्ञाच्या दृष्टीनं ती अमोल आहेत, कारण तिथे ‘आधी’ अजून जिवंत आहे. त्यांपैकी ज्या गावांत टॉवर उभा राहायचा बाकी आहे, त्यांतली शंभर निवडा. टॉवर सुरू होण्याआधी एक पूर्ण वर्ष तिथल्या लहरी मोजा, फुलांवरचे कीटक मोजा, रात्री वटवाघळांचे आवाज नोंदवा, सातेरीच्या पेट्यांखाली वजनकाटे ठेवा. मग टॉवर सुरू होऊ द्या आणि पुढची पाच वर्षं तेच मोजा. शेजारची तशीच, पण टॉवर नसलेली खोरी तुलनेसाठी ठेवा. मोजणाऱ्याला कुठला टॉवर चालू आणि कुठला बंद हे कळू देऊ नका. ओल्डेनबुर्गची शिस्त तीच होती. आकडे दर महिन्याला सर्वांना वाचता येतील असे प्रसिद्ध करा, कंपन्यांनाही आणि टॉवरविरोधी संघटनांनाही एकाच दिवशी.

यंत्रणा आपल्याकडे आहे. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर २०१७ पासून कुणालाही टॉवरची माहिती पाहता येते, चार हजार रुपये भरून मोजणी मागता येते. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला मधाचं संचालनालय आहे, आणि शेजारच्या मांघरला तर देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून मान मिळाला आहे. मोजणारी माणसं आहेत. दोन खात्यांनी एकत्र बसायचं तेवढं बाकी आहे, आणि ते बसवणं आपल्या हातात आहे.

कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या काठावर अजून काही वाड्या आहेत, जिथे फोन लागत नाही. तिथेही टॉवर येईल आणि यायलाच हवा. माझ्या उरलेल्या सात पेट्यांपैकी तीन मी होडीनं तिकडे नेऊन ठेवायला तयार आहे, चार इथेच टॉवरखाली राहतील. माझ्याकडे सासऱ्यांपासूनच्या वह्या आहेत: कोणत्या पेटीत किती फ्रेमवर माश्या, किती मध, कोणत्या तारखेला जांभूळ फुललं. त्या मी आपण पाठवाल त्या संशोधकाच्या हाती देईन. जांभूळ मार्चअखेरीस फुलू लागतं. वजनकाटे आणि मोजणीची यंत्रं त्याच्या निदान महिनाभर आधी पलीकडच्या काठावर पोचायला हवीत.

आपली नम्र,
जावळी तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका आणि मधपाळ